बहिणीचं रक्त

"एकच," म्हणत रीकने बिस्किटांच्या डब्याचं झाकण आफ्केच्या बोटांसमोर लावलं.

रीकचा वाढदिवस. ॲमस्टरडॅमच्या त्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. आल्याआल्या, डच रीतीप्रमाणे, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलेलं. कॉफीबरोबर सगळ्यांना एकेकच बिस्कीट. पण बजावलं जायचं ते फक्त आफ्केला. थोरली बहीण. साठीची, मधुमेहाची, आयुष्यभर लॉन्ड्रीत इस्त्री केलेली. आणि लठ्ठ.

"रक्ताचं तू अजून कळवलं नाहीस, रीक."

आफ्केने विषय काढला. चारचौघांत विचारायची ही गोष्ट नव्हे. पण फोनवर विचारलं की रीक फोन ठेवायची.

"कसलं रक्त?" रीकच्या नवऱ्याने, वाउटरने विचारलं.

"दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, उपासमारीत जी मुलं पोटात होती त्यांना हॉस्पिटलवाले तपासतायत. म्हणजे मला. आणि तुलनेला, आई पोटभर जेवत असताना झालेलं भावंड लागतं. आईबाप तेच, पण कुठलं जनुक जास्त चालू, कुठलं कमी, हे म्हणे आईच्या पोटात असतानाच बदलू शकतं. आई उपाशी असली तर. मग पुढे साखर, चरबी..."

"ऐकलंत?" रीक म्हणाली. "केक हिने खाल्लाच नाही. युद्धाने खाल्ला."

वाउटर हसला. मग सगळेच हसले.

आई.

त्या हिवाळ्यात ट्यूलिपचे कंद उकडून खाणारी. पुढे वर्षानुवर्षं आफ्केच्या पावावर बोटभर लोणी थापणारी. रीक अठ्ठेचाळीस सालची, युद्धानंतरच्या भरल्या घरातली. तिने लोणी मागितलं की चापट. वर आईचं ठरलेलं: तू कधी उपाशी होतीस गं?

"आईचं बरोबर होतं, हे तुला डॉक्टरांकडून वदवून घ्यायचंय," रीक म्हणाली.

"मी हावरट नव्हते, एवढंच कळायला हवंय."

"होतीस."

तरी रीक आली. सोमवारी, हॉस्पिटलात. उपाशी पोटी यायचं होतं.

"मी खाऊन आलेय," तिने नर्सला सांगितलं, बघत आफ्केकडे. "पावाचे तीन स्लाइस, लोणी लावून. आता माझा काही उपयोग नाही ना?"

"साखर नाही मोजता येणार," नर्स म्हणाली. "जनुकांचं चालेल. त्याला आजच्या नाश्त्याने फरक पडत नाही."

रीक कोटाची बटणं लावू लागली.

"आणि निकाल हिला कधी सांगणार?"

"ह्यांना एकट्यांना नाही सांगता येत. शेकडो जणांचा मिळून निकाल लागतो. कोणा एकाचं वजन कशामुळे वाढलं, हे त्यातून कळत नाही."

रीकचा हात बटणावरच थांबला. मग तिने कोट काढला, बाही वर सारली.

"घ्या. हवं तेवढं घ्या."

रक्त देऊन झाल्यावर ती उठली. "ऐकलंस ना, आफ्के?" एवढंच म्हणून गेली. दार मागे उघडंच.

"तुम्हाला आता नको असेल तरी चालेल," नर्स हळूच म्हणाली.

आफ्के त्याच खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती. दंडाला पट्टा आवळला, पण मांसात शीर सापडेना. नर्सने सुई टोचली, काढली, पुन्हा टोचली. माफी मागितली.

आफ्केने ती बाही नीट खाली ओढली, बटण लावलं, आणि दुसरा हात पुढे केला.