दाराबाहेरची कुजबुज

रोग्याच्या दाराशी कुजबुजणारं माणूस दिसलं की माझं डोकंच सटकतं. वॉर्डात पाठीमागे मला ‘तोफखाना’ म्हणतात. म्हणोत बापडे. पण हा हट्ट माझा एकटीचा नाही. आमच्या पेशाची ती आद्य कंदीलवाली बाई, जिची तसबीर नर्सिंगच्या शाळेत टांगलेली असते, तिनं फार पूर्वीच बजावून ठेवलंय की रोग्याला अर्धवट ऐकू जाईल असं कुजबुजणं म्हणजे त्याचा छळ. बोलायचं तर समोर बसून बोला, त्याला मान वळवावी लागू नये. लोकांना तिचा कंदील तेवढा आठवतो. मी नव्या पोरींना आधी स्टूल कुठे ठेवायचं ते शिकवते.

आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार!

आमचे आप्पा शिंपी. पायाची जखम साखरेमुळे चिघळली आणि त्यांना माझ्याच हॉस्पिटलात ठेवलं. नेमकी तेव्हा मी तापानं आडवी. घसा असा बसलेला की फोनवर आवाज फुटेना. ताप घेऊन रोग्याजवळ जायचं नाही, मग तो बाप का असेना. त्यामुळे सगळं धाकट्या भावावर आलं, आणि तो म्हणजे मनानं लोणी. पाय मांडीपासून काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं हात जोडले. "त्यांना इतक्यात सांगू नका. पायानं मशीन चालवत जन्म गेला त्यांचा. खचतील हो."

माझा तापही त्यानं लपवला. ताई ट्रेनिंगला गेलीय, अशी थाप ठोकून दिली. मग आत्या आली, वहिनी आली. दाराबाहेर कुजबुज, डोळे पुसणं, आणि आत शिरताना ओढूनताणून हसू.

आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण सोडलं. असंच चाललं तर ऑपरेशन झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मला बरं वाटलं, डॉक्टरांनीही जायला हरकत नाही म्हटलं, तशी मी तडक गेले. दाराबाहेर मंडळी जमलेलीच.

"ताई, हळू बोल," भाऊ म्हणाला.

"का रे? काय चाललंय ते त्यांना कळत नाही, आणि कळलं नाही की माणूस मनानंच रचतो. वाईटच रचतो."

"पण सांगणार कोण?"

"मी. सरक बाजूला."

त्यांचं तोंड भिंतीकडे, म्हणून पलंग आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत मी स्टूल घुसवलं आणि अंग चोरून त्यावर बसले. आप्पांनी डोळे उघडले. बघतच राहिले. मग हात उचलून माझा गाल चाचपला, गिऱ्हाइकानं आणलेलं कापड पारखतात तसा.

"आप्पा, सरळच सांगते. पाय काढावा लागणार. मांडीपासून. नाही काढला तर तुम्ही वाचणार नाही."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भावाचंच खरं निघालं की काय?

"रडा हवं तेवढं. पण हो की नाही, ते तुम्हीच सांगायचं."

"तू कुठे होतीस?"

"घरी. तापानं पडले होते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, तू गेलीस," आप्पा म्हणाले. "तुझं नाव काढलं की सगळे हसायचे आणि बाहेर जाऊन रडायचे. म्हटलं, पोर गेली आणि यांना सांगवत नाहीये. मग मी विचारायचंच सोडलं. बिचाऱ्यांना खोटं तरी किती बोलायला लावायचं?"

वॉर्डात मी कधी रडत नाही. तिथे रडले, चांगली हुंदके देऊन.

भाऊ पायथ्याशी येऊन उभा राहिला. "चुकलं माझं, आप्पा. पण तुमची मशीन..."

"हातानं फिरवायचीही मशीन मिळते, गाढवा," आप्पा म्हणाले. "डॉक्टरांना हो म्हणून सांग. आणि आधी काहीतरी खायला आण, पोटात कावळे ओरडतायत."