केसचा सातवा अर्थ

माझे वडील केस झाले तेव्हा मी 'केस'वरच काम करत होते.

शब्दकोशाच्या कचेरीत आम्ही सहा जण एका लांब टेबलाभोवती बसतो आणि इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ देतो. 'सी' या अक्षरात आम्ही चौदा महिने अडकलो होतो. 'केस' माझ्या वाट्याला आली, कारण ती कोणालाच नको होती. दिसायला चार अक्षरांचा गरीब शब्द, पण मुळं दोन. एक लॅटिनमधल्या 'पडणे' या क्रियापदातून आलेलं. जे पडलं, घडलं, अंगावर आलं, ते. खटला त्यातला, रोगी त्यातला, व्याकरणातली विभक्तीही त्यातलीच. दुसरं 'धरणे' या क्रियापदातून. ज्यात काही धरून ठेवायचं ती पेटी, मग सुटकेस, उशीचा अभ्रा आणि 'स्टेअरकेस' म्हणजे अख्खा जिनासुद्धा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण एकाच नावावर शतकानुशतकं राहताहेत आणि शेजारीपाजारी त्यांना सख्खे भाऊ समजतात. आपल्या डोक्यावर उगवणाऱ्या केसांचा यात काही संबंध नाही, अशी तळटीप मी दिली. सरांनी ती खोडली. "वाचक एवढे मूर्ख नसतात," ते म्हणाले. सरांना माझ्या घरचे लोक माहीत नव्हते.

सहा अर्थ दोन दिवसांत झाले. सातवा छपाईतला, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायची खणाखणांची लाकडी पेटी. दोन मिनिटांचं काम. पण बाबांनी त्या पेटीसमोर उभं राहून अडतीस वर्षं खिळे जुळवले होते, म्हणून मी फोन केला.

"बाबा, केस म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा. कोशात घालते."

"मग तुझ्या त्या पदव्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"सांगा ना."

"तोंडी सांगायला मी रेडिओ आहे का? जुळवून ठेवतो. येशील तेव्हा छाप काढून देतो."

छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी निरोपाची भेट म्हणून बाबांना एक केस दिली होती, रिकामी. खिळे सगळे वितळवायला गेले होते. घरी आल्यावर बाबांनी विजारीच्या दोन्ही खिशांतून मूठ-मूठ खिळे काढून तिच्यात टाकले. चोरले का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मीच झिजवलेत, मीच ठेवतो." तेवढ्या भांडवलावर ते एकट्याने, स्वतःच्या खोलीत, एका वेळी चार ओळींची छपाई करायचे. म्हणजे छपाई नाही, नुसती जुळणी. यंत्र त्यांच्या जुन्या मशीनमनकडे होतं, दोन गल्ल्या सोडून.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. "झाल्या चार ओळी. कधी येतेस?"

"रविवारी येते."

असे तीन रविवार गेले. 'सी'ची घाई होती. कोशाचं काम असंच असतं, घाई करकरून ते वीस वर्षांत होतं. तिसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, "राहू दे. मीच मशीनमनकडे जाऊन छाप काढतो नि पोस्टाने पाठवतो. तुझा तो कोश बुडायला नको."

सोमवारी सकाळी ते जिन्यावरून पडले.

इस्पितळात पहिल्या खिडकीवरच्या बाईने मान वर न करता सांगितलं, "आधी केसपेपर काढा."

काढला.

"पडलेत ना? मग पोलीस केस आहे का?"

"जिन्यावरून पडलेत."

"कोणी ढकललं का?"

"वयाने," मी म्हणाले.

त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. बाईने 'अन्य' लिहिलं.

वरच्या मजल्यावर "चौदा नंबरची केस कोणाची?" अशी हाक आली की दादा आणि मी दोघं उभे राहायचो. मोठ्या डॉक्टरांच्या मागून वह्या घेऊन फिरणारी मुलं "छान केस आहे" असं म्हणाली. बाबांची कोणी केलेली ही शेवटची स्तुती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अशा केसमध्ये आपण काही सांगू शकत नाही," आणि मग सांगितलं. मी मान डोलावत ऐकलं आणि मनात नोंद केली : अर्थ तीन, उत्तम उदाहरण. कोशात काम करणाऱ्या माणसाला दुःखाच्या वेळी काय सुचेल याचा नेम नाही. माझ्याबद्दल "बाई जरा केसच आहे" असं कचेरीत म्हणतात, तो अर्थ सहावा.

बाबांची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. ते काम दादा-वहिनींनी अंगावर घेतलं, कारण ते जवळ राहतात आणि मी 'सी'मध्ये राहते. दादा फ्रीज दुरुस्त करतो. त्याच्या दृष्टीने वस्तूंचे दोनच प्रकार, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या. म्हणून मी वेळेवर फोन केला.

"दादा, सगळं टाकलंस तरी चालेल. बाबांची केस तेवढी टाकू नकोस."

मागून वहिनींचा आवाज आला, "बाबांचे केस? अहो, त्यांना टक्कल होतं!"

"केस गं, केस," दादा तिकडे म्हणाला, आणि इकडे मला, "ठेवतो. काळजी करू नकोस."

शब्दांच्या अर्थांवर पगार घेणाऱ्या बाईने इथे एक विशेषण जास्त वापरायला हवं होतं. नाही वापरलं.

रविवारी गेले. या रविवारी जमलं. दादाने हात धुतले, कपाट उघडलं आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली. बाबांच्या चष्म्याची केस. काळी, कडांना सोललेली, वर रबरबँड.

"उघडली पण नाही," दादा म्हणाला. "म्हटलं तुझी आहे."

हातात जड लागली. त्या दिवसांत सगळंच जड लागत होतं.

"ही नव्हे रे. ती लाकडी. खिळ्यांची."

"खिळ्यांची कुठली? खिळे हवेत तर माझ्याकडे डबाभर आहेत."

"खण खण असलेला तो ड्रॉवर नव्हता का?" वहिनी म्हणाल्या. "पण ताई, त्याला कपाटच नव्हतं. नुसत्या ड्रॉवरचं काय करायचं? भंगारवाल्याला दिला."

"त्यात काय होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "धूळ," वहिनी म्हणाल्या.

मग मी बोलले. फार नाही, आणि आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले की, आयुष्यभर बाबा ज्या वस्तूसमोर उभे राहिले तिचं नाव त्यांच्या मुलाला माहीत नसावं, हे कौतुकास्पद आहे. दादा चप्पल घालायला लागला. "चल, भंगारवाल्याकडे जाऊ," म्हणाला. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

भंगारवाल्याचं दुकान माझ्या कचेरीपेक्षा नीटनेटकं होतं. तांबं तांब्यात, पितळ पितळेत. बाबांची केस मागच्या फळीवर होती, तिच्या खणांत त्याने आकारानुसार नटबोल्ट आणि वायसर लावले होते. वारंवार लागणारे मधल्या मोठ्या खणांत, क्वचित लागणारे कडेला. बाबा अक्षरं लावायचे तसेच, कोणी न शिकवता.

"यात शिशाचे बारीक खिळे होते. दोऱ्याने बांधलेल्या चार ओळी होत्या," मी म्हणाले.

"ओळी?" त्याने दादाकडे पाहिलं.

"शिशाचा तुकडा. एवढा," दादाने बोटांनी दाखवलं. त्याला माप तरी कळलं होतं.

"बाई, कोपऱ्यात सुटे पाच-पंचवीस होते. ते या डब्यात आहेत, घेऊन जा. बांधलेलं काही नव्हतं. बांधलेलं असतं तर मी सोडलंच नसतं. माणूस उगाच बांधत नाही." मग पेटीकडे पाहत, जरा नाराजीने म्हणाला, "ही परत हवीय का?"

"असू दे," मी म्हणाले. पेटी कामाला लागली होती. माझ्या घरी ती भिंतीवर टांगली गेली असती आणि पाहुण्यांनी विचारलं असतं, किती छान, कुठे मिळाली.

परतताना दादा बसथांब्यापर्यंत आला. बस आली तेव्हा म्हणाला, "मला खरंच वाटलं, चष्म्याचीच म्हणत असशील. पडले तेव्हा खिशात होती ना. इस्पितळाने दिलेल्या पिशवीत मिळाली."

"ठीक आहे रे," मी म्हणाले, ज्या सुरात म्हटल्यावर काहीच ठीक राहत नाही त्या सुरात.

सोमवारी सर टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, माझ्या दुःखात सहभागी झाले आणि म्हणाले, "सातवा अर्थ रिकामा दिसतोय. आज पानं जायची आहेत."

"हो सर."

"पेटीच आहे ना ती? एका ओळीत संपवा."

लेखणी काढायला पिशवीत हात घातला तर चष्म्याची केस हाताला लागली. ती बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि ती ठक्क वाजली. चष्मा असा वाजत नाही. शिवाय चष्मा तिच्यात असणं शक्यच नव्हतं. तो बाबांच्या डोळ्यांवर होता, जिन्यात फुटला, त्याची वाकलेली दांडी त्याच पिशवीतून मी स्वतःच्या हातांनी काढली होती. दोन लॅटिन क्रियापदांचा हजारो वर्षांचा माग काढणाऱ्या बाईला एवढा साधा माग कालपासून लागला नव्हता.

रबरबँड काढला. आत, कापसात टेकवलेला, पांढऱ्या दोऱ्याने चार फेरे आवळून बांधलेला शिशाचा ठोकळा होता. चार ओळी, उलट्या. मशीनमनकडे निघताना धक्का लागून मजकूर विस्कटू नये म्हणून त्यांनी त्याला घरातल्या सगळ्यात मऊ पेटीत ठेवलं होतं. जिन्यात सगळं मोडलं, ओळी मोडल्या नाहीत. मालाची बांधणी चांगली होती, माणसाची जुनी.

उलटं वाचायला मला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. पण मी वाचलं नाही. छापल्याशिवाय वाचलेलं त्यांना चाललं नसतं. 'तातडीचे' या शिक्क्याचं पॅड शिपायाच्या टेबलावरून उचललं, ठोकळा त्यावर दाबला आणि मग नोंदीच्या कोऱ्या चिठ्ठीवर.

केस : खिळ्यांची पेटी.
घरं पुष्कळ, प्रत्येकाचं ठरलेलं.
काम झालं की ज्याने त्याने
आपल्या घरी परत यायचं.

शेवटची ओळ जरा फिकट उठली होती. चूक एकही नव्हती.

सरांनी चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, खाली करून वाचली. "पहिली ओळ व्याख्या आहे," ते म्हणाले. "बाकी हे काय आहे? उपदेश?"

"टोमणा आहे, सर."

"कोशात टोमणे चालत नाहीत."

"माहीत आहे."

त्यांनी पेन्सिलीने तीन ओळी हलकेच कंसात टाकल्या. खोडल्या नाहीत, हे मी पाहिलं. पानं गेली. छापील कोशात तुम्हाला एवढंच सापडेल : '७. (मुद्रण) खिळ्यांची पेटी.' घरांचा उल्लेख नाही.

मग गच्चीकडच्या जिन्यात जाऊन मी दादाला फोन लावला. मागे कॉम्प्रेसर घरघरत होता.

"दादा, केस बरोबर होती."

"कुठली?"

"तू ठेवलेली. त्यातच होतं सगळं."

त्याने हातातलं अवजार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मग! कोशवाली झालीस म्हणून काय सगळे अर्थ तुलाच कळतात?"

"नाही कळत."

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. रेडिओ झाले. तिकडचा कॉम्प्रेसर बंद झाला.

"जेवायला ये रविवारी," दादा म्हणाला. "तुझी वहिनी म्हणते, तू त्या दिवशी पाणीसुद्धा न पिता गेलीस."

"येते."

"येते म्हणजे, येतेस ना?"

आता 'डी' सुरू झालं आहे आणि घाई आहे. ठोकळा माझ्या टेबलावर आहे. काम झालं की दोरा सोडायचा आणि खिळे ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, असा नियम आहे. पण त्यांच्या घरात आता वायसर राहतात. मी दोरा सोडलेला नाही. रविवारी सकाळी दहाची बस आहे. तिकीट काढलं आहे.