चोवीस नळ्यांचा निळा डबा

मी रक्त नेणारा डबा बोलतोय. आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. शाळेच्या आवारात मी फार तर तासभर थांबलोय, तेही मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधलेला. अक्षरं शिकलो ती नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून, आणि चिठ्ठ्यांवर बहुतेक आकडेच असतात. तेव्हा सांभाळून घ्या.

माझा कारखाना मला आठवत नाही. गोदाम आठवतं. तिथे आम्ही चाळीस निळे भाऊ एकावर एक रचलेले होतो. एकोणचाळीस जण लस न्यायला गेले. माझ्या पोटात चोवीस भोकांची जाळी बसवली आणि मला तलावाकाठच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे सिकलसेलचा अभ्यास चालू होता. ज्या घरात या आजाराचं मूल असेल, त्या घरातल्या आई-बापांचं आणि मुलांचं रक्त घ्यायचं. एकाच घरात एकाला जास्त त्रास आणि दुसऱ्याला कमी का, हे शोधायचं. अभ्यासातल्या आजारी मुलांना रोज एक नवी गोळी मिळायची.

लशीचा डबा आला की बायका पोरं घेऊन पुढे येतात. मी आलो की पोरं उचलून आत नेतात. माझ्यातलं रक्त शहरात विकतात, असं बाजारात बोललं जायचं. चहाच्या टपरीत माशांच्या टोपल्यांना आत जागा होती, मला मात्र बाहेर ठेवायला सांगत. मी कधी तक्रार केली नाही. पण पोटात बर्फ घेऊन उन्हात एकटं बसणं सोपं नसतं.

मला नेणारा ओगुतू त्याच भागातला. उंच, हळू बोलणारा, चार मुलांचा बाप. लोक त्याला डास म्हणायचे. मासे वाळवणाऱ्या बायका विचारत, "काय डासभाऊ, आज कोणाकडे जेवण?" तो म्हणायचा, "तुमच्याकडेच येणार होतो, पण तुमच्या रक्तात मिरची फार." मग त्या हसायच्या आणि आमचा रस्ता मोकळा व्हायचा.

अलुओचच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मका फुलोऱ्यात होता. तिचा नवरा ओंदिती मासेमारीला बेटांवर असायचा, त्या दिवशी तो घरी होता. थोरला ओपोंदो नऊ वर्षांचा. त्याला सिकलसेल होता, पण बेताचा. त्याच्या पाठची दोन मुलं गेलेली. अंगणाच्या कडेला त्यांची मातीची दोन ठिकाणं होती आणि त्यांच्यावर कोणी पाय देत नसे. दाराशी एक पाच वर्षांची मुलगी बसली होती. तिची बोटं सुजली होती, डोळे पिवळे होते. तिचं नाव अविती, म्हणजे टाकलेली.

त्या भागात हे नाव ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही. मुलामागून मूल गेलं की पुढच्या बाळाला आई पायवाटेवर नेऊन ठेवते आणि मागे न बघता घरी येते. ठरलेली शेजारीण ते उचलते आणि गावाला सांगते की मला मूल सापडलं. मरण दाराशी आलं तर त्याला वाटावं, या घरात न्यायला कोणी नाही. अवितीला शेजारच्या तुर्फोसाआजीने उचललं होतं. मुलगी राहायची आईजवळच, पण नाव आजीचं.

ओगुतूने कागद काढला आणि ही कोण म्हणून विचारलं. अलुओच म्हणाली, ती माझी नाही, वाटेवर सापडली, तुर्फोसाआजीची आहे. ओगुतूला सगळं कळलं होतं. त्याची स्वतःची धाकटी बहीण अशीच उचललेली. अशा आईला दुसऱ्यांदा विचारत नाहीत, तो असभ्यपणा झाला असता. त्याने मान हलवली आणि कागदावर लिहिलं, "रक्ताची नाही." पुढे दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना नीट सांगू, असं त्याच्या मनात असावं. पण त्या दिवशी मोटारसायकल पंक्चर झाली, बर्फ वितळायला लागला, आणि माझी काळजी करता करता तो विसरला. आई, बाप आणि मुलगा यांच्या तीन नळ्या माझ्यातून गेल्या. कागद शहरात गेला. शहरातल्या यादीत ओपोंदोचं नाव आलं, अवितीचं नाही.

चार महिन्यांनी ओपोंदोचं रक्त बिघडलं. गोळ्या मोजल्या तर बरोबर, रोज एक संपत होती. अभ्यासाच्या डॉक्टर रोझलिन अमोल्लो स्वतः घरी आल्या. त्यांनी अलुओचला विचारलं, ती जमिनीकडे बघत राहिली. शेवटी ओपोंदोच बोलला. "एक दिवस मी खातो, एक दिवस ती."

डॉक्टरांनी अवितीला जवळ घेतलं, तिचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. मग अलुओचला बाजूला घेऊन समजावलं. अर्ध्या गोळीने दोघंही वाचणार नाहीत. शुक्रवारी नावं बंद होतात. तिने फक्त एवढंच म्हणायचं की ही माझी मुलगी, आणि कागदावर अंगठा द्यायचा.

अलुओच म्हणाली, "दोघांना मी माझं म्हटलं होतं, बाई. ते दोघं तिकडे आहेत." तिने हाताने दाखवलं नाही, नुसती हनुवटी वळवली.

डॉक्टरांनी ओगुतूकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. चूक त्याच्या हातची होती आणि ती दुरुस्त करायला आईचं तोंडच हवं होतं. मी जंगली तुळशीच्या झुडपाजवळ ठेवलेला होतो. मला वाटलं आता हे रिकामेच परत जाणार.

तेवढ्यात तुर्फोसाआजी काठी टेकत आली. तिला वाटेतच कोणीतरी बातमी दिली होती. ती ओगुतूवर उखडली. म्हणाली, "डासा, चावायला तुला परवानगी लागत नाही, मग आज कसली अडलीय?" ओगुतूने नियम सांगितला. अलुओच मध्येच बोलली, अगदी हळू.

"तुमचं यंत्र रक्त ओळखतं म्हणता ना? मग रक्ताला विचारा. माझ्या तोंडाला कशाला विचारता?"

डॉक्टरांनी विचारलं, मुलीचा सांभाळ करणारी कोण? आजी म्हणाली, मी. सगळं गाव साक्षी आहे, मीच उचलली. डॉक्टरांनी नवा कागद काढला. आजीने अंगठा दिला. अवितीचं रक्त घेताना अलुओच आत चुलीपाशी जाऊन मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटत राहिली. मूल रडलं तेव्हा आतला चमच्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

चोवीस नळ्यांच्या जागेत त्या दिवशी एकच नळी होती. नाव नाही, नुसता आकडा. आईची नळी चार महिन्यांपूर्वीच शहरातल्या बर्फात जाऊन बसली होती. खड्डा आला की ही एकटी नळी जाळीत खडखडायची. बर्फ मी शहराच्या फाटकापर्यंत धरून ठेवला. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून काही केलं असेल तर एवढंच.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन आकड्यांमध्ये आई-मुलीचं नातं. नावं बंद झाली होती, तरी डॉक्टरांनी वर पत्र लिहिलं, वाद घातला, अवितीचा आकडा यादीत घालून घेतला. ओगुतू गोळ्यांची बाटली घेऊन गेला. अलुओच समोर उभी असताना त्याने ती तुर्फोसाआजीच्या हातात दिली आणि म्हणाला, तुमच्या मुलीला रोज एक. आजी अंगणभर ऐकू जाईल अशी बोलली, माझी मुलगी आहे, माझ्याच हातून खाईल. मग बाटली अलुओचच्या हातात दिली. अलुओचने ती पदरासारख्या गुंडाळलेल्या कापडात खोचली आणि तोंड फिरवलं.

अभ्यास संपून आता चार वर्षं झाली. ओगुतूची बदली झाली. माझी बिजागरी सैल आहे, बर्फ धरत नाही. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात पडून असतो. जाळी कोणीतरी काढून नेली.

काल गर्दी होती, बाक भरलेला. एक बाई आली आणि माझ्यावर बसली. माझ्यावर आजवर कोणी बसलं नव्हतं. ती अलुओच होती. शेजारी अविती उभी होती, दहा वर्षांची, लांब पायांची, शाळेच्या निळ्या झग्यात. नव्या कारकुनाने तिला आईचं नाव विचारलं. अविती म्हणाली, तुर्फोसा, पण ती दोन वर्षांपूर्वी वारली. मग ह्या कोण, कारकुनाने विचारलं.

"शेजारच्या," अविती म्हणाली.

अलुओचने होकाराची मान हलवली. तिची बोटं माझ्या झाकणाची कड घट्ट धरून होती. मला तोंड असतं तर मी बोललो असतो, म्हणून मला तोंड नाही हे बरं आहे.

तुम्हाला एकच विनंती. हे वाचलंत तर मनातल्या मनात वाचा. तिचं नाव आणि तिच्या आईचं नाव एका दमात मोठ्याने घेऊ नका.

आज सकाळी कारकुनाने माझं झाकण उघडून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. त्याने आपली छत्री आणि जेवणाचा डबा माझ्यात ठेवला, झाकण लावलं आणि कामाला गेला. मी गप्प बसून राहिलो.