पोटातलं परकं मीठ

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. गळा आखूड, पोट सुटलेलं, रंग करपलेल्या गुळासारखा. दूर पूर्वेकडच्या बेटावर, इलोकोसच्या किनाऱ्यावर, हमरस्त्याला लागून पोनिंगची खानावळ आहे, तिथे मी असतो. माझी गोष्ट गोड नाही. सांगता सांगता माझा आवाज चढला तर तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म विगान गावात झाला. माझी माती रेड्याने तुडवली, कुंभाराने मला चाकावर घडवलं आणि लांबलचक भट्टीत असं भाजलं की मी दगडासारखा टणक झालो. पोनिंग तेव्हा नवी नवरी होती. ओळीने मांडलेले रांजण ती बोटाने वाजवून पाहत होती. माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हा बोलतो. हाच द्या." त्या दिवसापासून मी तिचा झालो.

समुद्रात जवळा आला की आमचे कामाचे दिवस सुरू होत. पोनिंग जवळा निवडायची, त्याला मीठ चोळायची, माझ्यात दाबून भरायची आणि तोंडाला फडकं बांधून मला उन्हात ठेवायची. महिने गेले की माझ्या पोटात बागूंग तयार व्हायचं. जांभळट, घट्ट, आणि वासाला असं उग्र की नवखा माणूस आधी नाक मुरडायचा आणि पहिल्या घासानंतर आणखी भात मागायचा. कैरीच्या फोडीला ते लावायचं, कारली-वांगी-भेंडीच्या पिनाकबेत भाजीत तेच घालायचं. त्याच्यासाठीच लांबून लांबून लोक गाडी वळवून आमच्याकडे यायचे.

पोनिंगचे दोन नियम होते. मला साबण लावायचा नाही आणि तळातलं थोडं जुनं बागूंग कधी उकरायचं नाही. नवं त्याच्यावरच भरायचं. म्हणजे तिच्या लग्नाच्या वर्षीचं मीठही माझ्या तळाशी थोडं होतंच. कुणी जेवणाची तारीफ केली की ती माझ्या पोटावर थाप मारायची आणि म्हणायची, "मी कुठे काय केलं? यानं केलं." त्या थापेसाठी मी कितीही ऊन सोसलं असतं.

मग ती आजारी पडली. अंथरुणाला खिळण्याआधी तिने मला शेवटचं भरलं. धाकटी मुलगी पर्लिता खानावळ चालवू लागली होती. तिला जवळ बोलावून पोनिंग म्हणाली, "हे गिऱ्हाइकाला वाढू नकोस. मी गेले की माझ्या वर्षाच्या जेवणाला उघड. देल्फिन येईल तोवर मुरेल. आधी माझं ताट, मग तुम्ही सगळे." पर्लिताने माझ्यावर हात ठेवून हो म्हटलं. तो हात मला अजून आठवतो.

देल्फिन हा थोरला, पर्लिताचा मानोंग, म्हणजे दादा. जहाजावर नोकरीला होता, भर समुद्रात असल्यामुळे आईला माती द्यायलाही तो पोचू शकला नाही. त्याच्यासाठी आईच्या हातचं असं एवढंच उरलं होतं, माझ्या पोटात.

गावची जत्रा आली. चर्चमधून माणसांचा लोंढा खानावळीत आला आणि रोजचं बागूंग संपलं. पर्लिताने माझं फडकं सोडलं, एक वाडगं भरलं आणि पुन्हा बांधलं. मला वाटलं, एका वाडग्याने काय होतंय. पण खाणारे वाहवा करत राहिले आणि ती परत परत येत राहिली. शेवटी तिने डाव खाली घातला आणि माझा तळ खरवडला. मित्रांनो, तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. नंतर तिने मला साबणाने घासलं, बाजारातून प्लास्टिकच्या बादलीत आणलेलं बागूंग माझ्यात ओतलं आणि त्याच फडक्याने माझं तोंड बांधलं. ज्या घरासाठी मी जन्मभर खरं मुरवलं, त्या घराने मला खोटं बोलायला बसवलं.

वर्षाचं जेवण ठरल्या दिवशी झालं. पाटी उलटी करून खानावळ बंद ठेवली होती. देल्फिन बायकामुलांना घेऊन आला. पोनिंगची बहीण, मुलांची इकित म्हणजे मावशी, साबेल, वर्षाचं सुतक संपलं म्हणून काळे कपडे उतरवून फुलाफुलांचा झगा घालून आली. फोटोपुढे पर्लिताने आईचं ताट मांडलं. चिकट भात, उकडलेली अंडी, उसाच्या दारूचा पेला, विड्या. देल्फिनने माझं फडकं सोडलं आणि त्याला धीर धरवेना, त्याने सरळ बोट बुडवून चाटलं.

"अरे, आधी तिला," इकित साबेल त्याच्या हातावर चापट मारत म्हणाली. "म्हातारा झालास तरी हावरटच."

देल्फिनचे डोळे भरून आले होते. "आईचंच आहे," तो मुलांना म्हणाला. "डोळे मिटून सांगतो, आईचंच."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, थुंक, अरे थुंक. पर्लिताने फसवलं त्याचं दुःख होतंच. पण ज्याच्यासाठी ते मुरत होतं त्यालाही फरक कळू नये, हे मला जास्त लागलं.

मग त्याची नजर फोटोपुढच्या ताटावर गेली. सगळं होतं, बागूंग नव्हतं. पर्लिता विसरली असेल असं वाटून त्याने चमचा भरला आणि ताटाकडे वळला. पर्लिताने त्याचं मनगट धरलं.

"नको, मानोंग," ती म्हणाली. "आईला कळेल."

जिवंत माणसांना तिने ते वाढलं असतं, त्यांच्यासोबत खाल्लंही असतं. मेलेल्या आईच्या ताटात मात्र तिचा हात जाईना. इकित साबेलने विचारलं, कुठे गेलं ते. पर्लिताने जत्रेचं सगळं सांगितलं, रडत रडत. भुकेली माणसं दारात उभी असती तर आईनेही वाढलंच असतं, असं त्या दिवशी वाटलं, म्हणाली.

"तिनं वाढलं असतं," इकित साबेल म्हणाली. "पण मग हा रिकामा आहे असं सांगितलं असतं."

देल्फिनने चमचा खाली ठेवला. "मला तरी कुठे कळलं?" एवढंच तो म्हणाला, आणि ते बहिणीला नव्हतं, स्वतःलाच होतं. इकित साबेलने एक वाडगं पुसलं आणि रिकामंच आईच्या ताटात ठेवलं. मग सगळे जेवायला बसले. कोरडा भात, अंडी, कैरी नुसतीच.

आता मी खानावळीच्या दारात आहे. गिऱ्हाइकं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. बाजारचं ते काढून टाकल्यावर मला पुन्हा कुणी भरलेलं नाही. माझ्यात छत्र्या ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याला जपा. जपणं जमलं नाही, हातून संपलं, तर संपलं म्हणा आणि ते रिकामं ठेवा. रिकामं राहायला मला लाज नव्हती. त्या दिवशी माझं पोट गळ्यापर्यंत भरलेलं होतं, आणि पोनिंगपुढे खरं ठेवलेलं काही होतं तर ते रिकामं वाडगं.