रबराचं कडं

वर भाताच्या कुकरचं बटण टक् करून उडालं. दुपारच्या सामसुमीत सोविना दचकली, हातातली पक्कड निसटली. ओनिका जागी झाली की काय म्हणून तिने कान दिला. पोर झोपलेलीच होती. खांबांवर उभ्या घराच्या खाली लावलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ती पुन्हा वाकली.

गाडी जुस्पिनची. जंगलातल्या शर्यतीसाठी उंच केलेली, टपावर दिव्यांची रांग. दोन पावसाळ्यांमागे अशाच शर्यतीत सोविनाच्या नवऱ्याची, लांदूसची, गाडी कड्यावरून घसरून जुस्पिनच्या दोराला लोंबकळत होती. जुस्पिनने दोर कापला. आणि दिवसकार्याला तांदळाची दारू पिता पिता सगळ्या केनिंगाऊ गावाला सांगितलं, हूक लांदूसनेच सोडला. पण हूक लांदूसच्या गाडीला तसाच अडकलेला सोविनाने पाहिला होता. त्यात हातभर दोर, टोक केळीच्या गाभ्यासारखं सरळ कापलेलं.

सकाळी गाडी आणून लावताना जुस्पिन म्हणाला, "तुझ्यासारखं वायरिंग आख्ख्या जिल्ह्यात कोणाला जमत नाही बा, वहिनी."

"काम होईल, आबांग," सोविनाने त्याला दादा म्हणूनच हाक मारली. " आधी सोगीत द्या."

सोगीत म्हणजे गुन्ह्याची धग निवावी म्हणून द्यायचं डुक्कर. दिलं की गुन्हा कबूल, घेतलं की वैर संपलं. हडकलेलं पिल्लू आणलं असतं तरी तिने घेतलं असतं.

जुस्पिन हसला. "सोगीत कशाचं? काही केलं असतं तर दोन दिली असती. डुक्कर खायची हौस असेल तर कापणीच्या सणाला ये की आमच्याकडे."

सोविना हसली नाही. किल्ली तेवढी घेतली.

बॅटरीपासून दिव्यांकडे जाणारी जाड वायर इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत जाते. त्या भोकात आधी रबराचं कडं बसवायचं, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. सोविनाने सवयीने कडं बसवलं. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि स्क्रूड्रायव्हर घालून ते उपटून काढलं. बॅटरीपाशी बसवायचा फ्यूजही तिने भोकाच्या पलीकडे, आत नेऊन बसवला. आता मधल्या वायरीला वाली नाही. धक्क्यागणिक धार चावत जाईल, मग ठिणगी पडून आग लागेल, तीही अशा डोंगरात जिथे हाकेला ओ देणारं कोणी नसतं. वरून तिने काळी टेप इतकी सुरेख गुंडाळली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. एकटं सुटणं म्हणजे काय ते कळू दे त्यालाही.

ऊन उतरल्यावर जुस्पिन आला. बटण दाबताच दिव्यांचा रिले टक् वाजला, अंगण पांढरंफट्ट झालं.

"झकास बा."

त्याची लेक पळत येऊन पुढच्या सीटवर चढून बसली. ती ओनिकाच्या वर्गातली. "काकू, शनिवारी मी पण जाणार डोंगरात. बाबा नेतायत."

जुस्पिनने इंजिन सुरू केलं. सोविनाचे हात टेपच्या चिकटाने काळे झाले होते, ते ती झग्याला पुसत राहिली.

जिन्यावर पावलं वाजली. झोपेने गाल सुजलेली ओनिका आईला येऊन बिलगली. वाटेत गाडीपाशी पडलेलं रबराचं कडं उचलून तिने अंगठ्यात घातलं होतं.

"ईना, हे त्यांच्या गाडीचं आहे ना? देऊन येऊ?"