पेन्सिलीने लिहिलेले नाव

ऑल्डन चित्रपटगृहात पडद्यावरच्या माणसाचे नाव ओरडून सांगण्याची मुभा होती. किंबहुना त्यासाठीच लोकांना बोलावले जाई. १९५२ च्या उन्हाळ्यात इथल्या मालकाने एक फिरता कॅमेरामन आणून गावातले रस्ते, दुकाने, चर्चबाहेरची गर्दी टिपून घेतली होती आणि स्वतःला पडद्यावर पाहायला अख्खे गाव लोटले होते. आता त्याच इमारतीत जुने चित्रपट जतन केले जात, आणि वर्षातून एका शनिवारी दुपारी ती फीत लावून चेहऱ्यांना नावे दिली जात. एकाने सांगितलेले नाव कार्डावर पेन्सिलीने लिहायचे. त्या माणसाला स्वतः पाहिलेल्या दुसऱ्या कोणी दुजोरा दिला, की शाईने.

लुद्मिला कोवाचिक यांना हा नियम मान्य होता. काचेच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे त्यांनी एकाच मोजणीवर कधी विश्वास ठेवला नव्हता. अडचण एवढीच, की यानोचे नाव सहा वर्षे पेन्सिलीतच होते.

यानो त्यांचा थोरला भाऊ. फितीत तो चार सेकंद, म्हणजे शहाण्णव चौकटी दिसे. शिडीवर पाठमोरा उभा राहून दुकानाची पाटी रंगवतो. शेवटी मान अर्धी वळवून डाव्या हातातला ब्रश हलवतो. कुटुंबाला गावात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढच्या नोव्हेंबरात तो खनिज वाहणाऱ्या जहाजासकट सरोवराच्या तळाशी गेला. घरातल्या फोटोंचा, तळघरात पाणी शिरले तेव्हा, लगदा झाला. यानोला पाहिलेले माणूस लुद्मिलाबाईंखेरीज कोणी उरले नव्हते.

यंदाचा खेळ शेवटचा होता. थंडीपूर्वी फीत जपणुकीसाठी राज्याच्या शीतकोठारात जाणार होती, आणि सूची छापली जाणार होती. छापील सूचीत फक्त शाईतली नावे. उरलेले सगळे अनोळखी.

"या, प्रोफेसरबाई," व्हर्जिल टॅकेट यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली हॅट उचलली. दर वर्षी ते त्या हॅटने लुद्मिलाबाईंची जागा धरून ठेवत. "पॉपकॉर्न आणलंय. बिनमिठाचं. मागच्या वर्षी रक्तदाबावर व्याख्यान झालं होतं ना."

"व्याख्यान नव्हतं. एक वाक्य होतं."

"तुमचं एक वाक्य म्हणजे आमच्या पाद्र्याचा अख्खा रविवार."

लुद्मिलाबाईंनी मूठभर पॉपकॉर्न घेतले. वर्षभरात या गृहस्थांशी त्यांचे जेवढे बोलणे होई, तेवढे दुसऱ्या कोणाशी होत नसे, आणि तेही फक्त याच दुपारी.

टॅकेट जवळ सरकले. "ऐका. फितीत सोडा काउंटरवर ती मुलगी हसते ना, माझी बायको, ओपल? ती आली की तुम्ही म्हणा, हो, ओपलच. शिडीवाला आला की मी म्हणतो, यानोच. दोघंही शाईत. कोणाचं काय बिघडतंय?"

"तुम्ही यानोला पाहिलेलं नाही. तुम्ही केंटकीहून आलात अठ्ठावन्न साली."

"तुम्ही तरी ओपलला कुठे पाहिलंय? म्हणून तर म्हणतो, फिटंफाट."

"टॅकेट, याला साक्ष म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? पंचेचाळीस वर्षं, ती जाईपर्यंत, तिच्यासमोर जेवलोय मी. ती छापील कागदावर अनोळखी? असं करू नका हो, बाई."

दिवे मालवले. लुद्मिलाबाई खरोखरच विचार करत होत्या. कार्डाचा प्रश्न सोपा होता. एक शब्द बोलला की सुटला असता. परंतु गेली दोन वर्षे त्यांना घरी बसून यानोचा चेहरा समोरून आठवत नव्हता. आठवे तो फितीतलाच, अर्धा वळलेला. दुसरा साक्षीदार त्यांना कार्डासाठी हवा होता त्याहून अधिक स्वतःसाठी हवा होता, आणि ठरवून आणलेला साक्षीदार त्या कामाचा नव्हता.

फीत सुरू झाली. नावे उठू लागली. "तो न्हावी, हंकल!" "हंकलच, माझे कान कापायचा मेला!" हशा पिकला. सूचीचे काम पाहणारी डीलिया ओकॉन पहिल्या रांगेत टॉर्चच्या उजेडात लिहीत होती.

शिडी आली.

"यानो कोवाचिक!" टॅकेट यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"तुम्ही पाहिलं होतंत त्याला?" डीलियाने वळून विचारले.

"हो, म्हणजे..."

"नाही," लुद्मिलाबाई म्हणाल्या. "त्यांनी माझ्याकडूनच ऐकलंय."

ब्रश हलला, आणि चार सेकंद संपले.

थोड्या वेळाने सोडा काउंटर आला. मुलगी हसली. "ओपल," टॅकेट म्हणाले, या वेळी हळू, आणि लुद्मिलाबाईंकडे पाहत राहिले. लुद्मिलाबाईंनी तो चेहरा नीट निरखला. त्यांनी तो कधीही पाहिलेला नव्हता. त्या गप्प राहिल्या.

दिवे लागले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. पॉपकॉर्नची पिशवी तेवढी हाताजवळ राहिली होती.

डीलिया कार्ड घेऊन आली. "सॉरी, मिस कोवाचिक. कार्ड खणात राहीलच. तुमची खात्री किती टक्के, ते दर वर्षीसारखं लिहू? पहिल्या वर्षी पंचाण्णव, गेल्या वर्षी नव्वद."

लुद्मिलाबाईंनी कोऱ्या पडद्याकडे पाहिले. "सत्तर लिहा."

"सत्तर? त्याच फितीवर?"

"फीत तीच आहे. दुसरी मोजणी मिळत नाही, त्याला काय करणार?"

डीलियाने पेन्सिलीने सत्तर लिहिले.

बाहेर चारची बस उभी होती. टॅकेट तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसले होते. लुद्मिलाबाई चढल्याचे त्यांनी पाहिले. डोक्यावरची हॅट काढून त्यांनी ती शेजारच्या जागेवर ठेवली, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

लुद्मिलाबाई हॅटजवळ क्षणभर थांबल्या. हॅट कोणी उचलली नाही. त्या पुढे गेल्या आणि दोन रांगा सोडून मागे बसल्या.