गळ्यात टेप, पोटात तेल

मी बाटली बोलतेय. रिकामी आहे म्हणून बोलतेय. भरलेली होते तेव्हा मला बोलायची पाळीच यायची नाही. माझ्यातलं ज्याच्या पोटात जाई, तोच बोलत सुटायचा.

जन्म माझा भट्टीतला. काचेचा लालभडक गोळा, एक जोरदार फुंकर, आणि झाले मी तपकिरी, गोल खांद्याची, लांब मानेची. शाळेत गेले नाही, पण अंगावर इतकी लेबलं मिरवली की वाचायला आपोआप आलं. आम्हा बिअरच्या बाटल्यांना पुनर्जन्म असतो बरं का. पिऊन झालं की भंगारवाल्याच्या गोणीत, गोणीतून कारखान्यात, तिथं गरम पाण्याची अंघोळ, नवं लेबल, नवं बूच, की परत नवी नवरी!

नव्वदच्या सालांत मी स्ट्राँग होते. लेबलावर शिंगं रोखलेला रेडा. मला पिऊन पिंपळगाव बसवंतचे टेम्पोवाले डरकाळ्या फोडायचे. रेडा डरकाळी फोडत नाही, पण सांगणार कोण? मला तोंड होतं, त्याला बूच होतं.

पुढच्या जन्मी माइल्ड झाले आणि देवळाली कॅम्पात गेले. तिथले एक रिटायर सुभेदारसाहेब मला घोट घोट पुरवायचे आणि बायकोची चाहूल लागली की पेपरात गुंडाळून म्हणायचे, "औषध आहे." काच तीच, मी तीच. कागद बदलला की माणसं बदलायची. मला लई मजा वाटायची.

मग दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. एकदा धुऊन बाहेर येते तर काय, अंगावर हिरवं लेबल, त्यावर पळणारा सडपातळ माणूस आणि अक्षरं 'लो कार्ब'. वर गळ्यात फुकटची टेप! शिंप्याकडं असते तशीच, पण पातळ प्लास्टिकची. तिच्यावर लिहिलेलं, 'प्या आणि मोजा'.

हायवेवरच्या परमिट रूममध्ये आमची वरात गेली. ज्यांनी जन्मात पोटाचा विचार जेवणाच्या वेळेशिवाय केला नव्हता, ते आता ऐटीत सांगायचे, "बारकूशेठ, लो कार्ब. आणि दोन प्लेट भजी." वेटर बारकू मान खाली घालून हसायचा. लोक बिअर संपायच्या आत गळ्यातली टेप पँटीच्या खिशात घालायचे.

तिथंच भेटले खंडेराव. टोमॅटोचे बागायतदार, माणूस दिलदार, आणि पोट त्यांच्या आधी दारातून आत यायचं. टाय लावलेला कंपनीचा साई त्यांच्या टेबलाशी आला.

"काका, हिच्यात कार्ब एकदम कमी."

"कार्ब म्हंजे काय रे भाऊ?"

"भात, भाकरी, बटाटा यांत असतं ना, पोट वाढवणारं, ते."

"आत्ता गं बया! मंग आजवर मी बाटलीतून भाकरी पीत व्हतो का?"

सगळी परमिट रूम हसली. पण खंडेराव हसले नाहीत. त्यांना पोटाची खरोखरच काळजी होती, आणि तिचं कारण देवाघरचं होतं.

त्यांच्या गावात चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा. बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, वर माणसं बसवायची, आणि एकट्या माणसानं त्या कमरेनं ओढायच्या. ओढणाऱ्याच्या कमरेला जुना सुती पट्टा, हाताएवढा जाड. त्याची दोन्ही टोकं मागं एकाच लोखंडी कडीत अडकवायची. खंडेरावांच्या आजोबांपासून मान ह्या घराचा. पण भाऊबंदकीची भांडणं नकोत म्हणून पूर्वजांनी ठरवून ठेवलेलं की पट्टा घरातल्या ज्याच्या कमरेला बसेल, गाड्या तो ओढेल. मागच्या यात्रेला खंडेरावांनी श्वास कोंडून, डोळे पांढरे करून टोकं कशीबशी गाठली होती. आणि चुलतभाऊ कोंडाजी टपूनच बसलेला.

म्हणून खंडेरावांनी माझा अख्खा क्रेट घरी नेला. औषध म्हणून!

आता गंमत ऐका. हिशेब त्यांनी असा मांडला की कंपनीनं बिअरमधून जे काढलं, तेवढं ताटात घ्यायला आपण मोकळे. मग माझ्यासोबत शेंगदाणे, अंड्याची भुर्जी, वर मटणाचा रस्सा आणि तो टिपायला भाकऱ्यांची चळत. शेवटी ढेकर देऊन टेप काढायची आणि पोटाभोवती ताणायची. टेप होती प्लास्टिकची. जितकी ओढावी तितकी लांबायची, आणि पोट तितकं कमी भरायचं.

"लंके! दोन इंच उतरलो!"

लंकाबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायच्या, "उतरलेले इंच खाटेखाली पडले असतील, झाडताना बघते."

पण खंडेराव ऐकतात होय? पारावर टेप घेऊन हिंडले. कोंडाजीला गाठून म्हणाले, "बघ, तुझ्या वहिनीला विचार. औंदा पट्टा ढिला पडतो का नाय बघ!" झालं, गावभर बोभाटा.

खंडोबाचे सहा दिवस सुरू झाले. खंडेरावांनी माळ घातली, पिणं बंद. लंकाबाईंनी मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात देवाच्या दिवटीचं तेल भरलं. लेबल निघालं, पण 'लो' एवढा तुकडा काही निघेना. इतके जन्म काढले, देवाच्या कामाला पहिल्यांदाच लागले. मी लाजून अजूनच तपकिरी झाले.

चंपाषष्ठीला मी लंकाबाईंच्या हातात, दिवटीशेजारी. गाड्या जुंपलेल्या, भंडाऱ्यानं हवा पिवळी, "येळकोट येळकोट जय मल्हार!" पुजारी गोटीरामबाबांनी पट्टा खंडेरावांच्या कमरेला लावला. ओढला. दोघांनी ओढला. चौघांनी ओढला. टोकांमध्ये वीतभर कंबर तशीच हसत राहिली.

खंडेरावांचा चेहरा उतरला. इंच उतरले नाहीत, चेहरा उतरला. "पण टेपवर..." एवढंच म्हणाले. गोटीरामबाबांनी टेप हातात घेतली, लहान पोराच्या चड्डीच्या इलास्टिकसारखी ताणली आणि सोडली. फट्! यात्रा हसून लोळली. मी एरवी पहिली हसले असते. पण लंकाबाईंची बोटं माझ्या मानेवर घट्ट आवळली होती.

"चला, दादा, सरका," कोंडाजी पुढं झाला. धोतर खोचलं, पट्टा कमरेला घेतला. कोंडाजी म्हणजे उसाचं चिपाड. टोकं एकमेकांना भेटून पार पलीकडं गेली. जयजयकार झाला, कोंडाजीनं पहिलं पाऊल टाकलं, आणि पट्टा घसरून घोट्यात! नशीब, धोतर राहिलं.

"मग कापा थोडा," तो ओरडला.

"देवाच्या पट्ट्याला कातर?" गोटीरामबाबा कडाडले. "तुझी जीभ हाय का कातर!"

तेव्हा लंकाबाईंनी मला देवळाच्या पायरीवर ठेवलं आणि पुढं झाल्या. "बाबा, कातर चालत नाय. जोड चालंल का?"

बाबांनी पट्टा उलटून पाहिला. मग म्हणाले, "जोडायला देव कधी नाय म्हनत नाय."

लंकाबाईंनी नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवला, चौपदरी पिळला आणि पट्ट्याच्या टोकाला गाठ मारली. जाता जाता कानात म्हणाल्या, "अहो, आता श्वास कोंडू नका. तेवढी जागा ठेवलीय."

खंडेराव वाकले. आधी काहीच हललं नाही. मग सगळं अंग त्यांनी पुढं झोकलं, चाकं कुरकुरली आणि गाड्या निघाल्या, अशा निघाल्या की आडवं कोणी येईना. मागून कोंडाजी म्हणालाच, "वजनानं गेल्या!" असू दे. गेल्या ना?

आता मी त्यांच्या देवघराच्या कोनाड्यात असते. खंडेरावांनी पिणं सोडलं असं नाही म्हणत, देवघरात राहून खोटं कसं बोलू? पण मळ्यात पायी जातात, आणि यात्रेला फेट्याची जोड आता चार बोटंच लागते. मध्ये साई परत आला होता, नवीन बिअर घेऊन.

"हिच्याबरोबर काय फुकट?" खंडेरावांनी विचारलं.

"टी-शर्ट, काका."

"कोंच्या मापाचा?"

"फ्री साइज."

"हा! ही कंपनी सुधरली."

माझं मागणं एकच. मला परत गोणीत घालू नका, नाहीतर पुढल्या जन्मी मला टी-शर्ट घालून फिरावं लागेल. इथं बरं आहे. रोज संध्याकाळी लंकाबाई मला दिव्यावर वाकडी करतात आणि मी मुद्दाम जुन्या सुरात करते, गुड, गुड, गुड.

ओसरीवर खंडेरावांचे कान उभे राहतात. "कोन आलंय गं?"

"कोनी नाय. देवाचं तेल हाय," लंकाबाई आतून म्हणतात. "टेप आणू का?"